एथिऑन शेवटच्या दहा टक्क्यांवर का अडतो? आधी सेकंद मोजा, मग शस्त्र निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'डेस्टिनी 2' या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळातली व्हॉल्ट ऑफ ग्लास ही रेड, म्हणजे टीमने मिळून पार करायची मोठी मोहीम, सहा जणांची टीम. आधीचा बॉस टेम्प्लर पडतो, पण शेवटचा बॉस एथिऑन दर वेळी दहा-बारा टक्के उरतो, मग कुणीतरी चुकतं आणि वाइप, म्हणजे सगळी टीम मरून पुन्हा सुरुवात. तिघांकडे रॉकेट लाँचर, दोघांकडे स्नायपर, एकाकडे डिव्हिनिटी ही किरण सोडणारी रायफल. ग्यालारहॉर्न हा नावाजलेला रॉकेट लाँचर कुणाकडेच नाही. तर ते ज्यात मिळतं ते विकतचं पॅक घ्यावं का, आणि बॉस मारायला सगळ्यात चांगलं शस्त्र कोणतं?

ग्यालारहॉर्न एकाने घेतलं तर फायदा होईल, त्याचं कारण पुढे सांगतो. पण तुमचा एथिऑन त्याच्यावाचून अडलेला नाही. मी 2014 पासून, म्हणजे पहिल्या 'डेस्टिनी'पासून हा खेळ खेळतोय आणि गेली काही वर्षं नवख्या टीमना रेडमधून पार नेण्याचं काम करतो. आमच्यात याला शेर्पा म्हणतात. अशा टीमचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी हाच असतो, 'दादा, कोणती गन?' मी उलट विचारतो, 'डॅमेज फेज, म्हणजे बॉसला इजा होऊ शकते तो वेळ, तीस सेकंदांची, त्यातले किती सेकंद तुझं बोट ट्रिगरवर होतं?' याचं उत्तर आजवर एकालाही देता आलेलं नाही. मलाही पूर्वी देता आलं नसतं.

व्हॉल्ट ऑफ ग्लास 'डेस्टिनी 2'मध्ये परत आली ती 22 मे 2021च्या शनिवारी, आपल्याकडे रात्री साडेदहाला. लॉकडाऊनचे दिवस होते, सकाळी उठून कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे आमची टीम जोरात होती. पुढच्या आठवडाभरात आम्ही एथिऑनपुढे इतक्यांदा मेलो की शेवटी वैतागून मी माझा खेळ रेकॉर्ड केला आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. डॅमेज फेज साधारण तीस सेकंदांची. पहिले चार सेकंद मी जागेवर पोचण्यात घालवले होते. तीनदा रीलोड केलं, तेही बॉसकडे तोंड करून, नुसतं उभं राहून. दोन सप्लिकंट हार्पी, म्हणजे जवळ येऊन फुटणारे उडते शत्रू, अंगावर आल्या म्हणून मागे पळालो. एकाला रिव्हाइव्ह केलं. नेम धरून गोळी लागलेले सेकंद भरले सतरा. आणि टीममध्ये सगळ्यात भारी शस्त्र माझ्याकडेच आहे याचा मला केवढा अभिमान होता!

आता हिशोब बघा. सतराचे बावीस सेकंद केले तर त्याच शस्त्राने, त्याच मॉडने जवळजवळ तीस टक्के जास्त डॅमेज होतं. खेळातला कोणताही पर्क, म्हणजे शस्त्राचा खास गुण, इतकी वाढ फुकट देत नाही. तुम्हाला कमी पडतायत दहा-बारा टक्के. म्हणजे नवी बंदूक घ्यायच्या आधी प्रत्येकाने दोन-तीन सेकंद वाचवले तरी काम होतं.

आता मरण्याचा हिशोब. सहा जण, तीस सेकंद, म्हणजे टीमकडे एकूण 180 सेकंदांची गोळीबाराची पुंजी. दहाव्या सेकंदाला एक जण मेला की त्याचे वीस सेकंद गेले, म्हणजे अकरा टक्के. त्याला उठवायला जो धावतो त्याचे चार-पाच सेकंद वेगळेच. दर फेजला एक जण मरत असेल तर तुमचे दहा-बारा टक्के कुठे जातात ते शोधायला लांब जायला नको. म्हणून मी टीमला सांगतो, डॅमेज फेजमध्ये कुणी पडला तर लगेच उठवायला धावू नका. फेजचा शेवट जवळ असेल तर पडू द्या, नंतर उठवा. मंडळींना हे निर्दय वाटतं, विशेषतः पडलेल्याला.

आता शस्त्रांकडे येतो. बॉसवर चालणारी शस्त्रं निवडताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, सेकंदाला किती डॅमेज, म्हणजे ज्याला सगळे डीपीएस म्हणतात ते. दोन, सगळा साठा संपेपर्यंत एकूण किती. व्हिडिओत दाखवतात ते पहिलं. बॉस मरतो तो या दोन्हींतल्या कमी पडणाऱ्या गोष्टीवर. फेज छोटी असेल तर डीपीएस कमी पडतं, लांब असेल तर ॲमो, म्हणजे दारूगोळा, कमी पडतो. रॉकेट लाँचर पटकन मोठा दणका देतो, पण साठा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. मशीनगन हळू चालते, पण बराच वेळ चालते. लीनिअर फ्यूजन रायफल मध्ये बसते, लांबून मारते, मात्र प्रत्येक गोळीला चार्ज व्हावी लागते आणि कमकुवत जागी लागली तरच तिला अर्थ. तलवार जवळ जाऊन वापरायची, बॉस जवळ येऊ देत असेल तरच. याच कारणाने 'सगळ्यात चांगलं शस्त्र' असं काही नसतं. एका फेजसाठी ते असू शकतं.

किंग्ज फॉल या दुसऱ्या रेडमधला बॉस वॉरप्रीस्ट घ्या. तिथे ब्रँड नावाची खूण एकाकडून दुसऱ्याने घेत फेज लांबवता येते. पहिल्या दहा सेकंदांत सगळी रॉकेटं उडवणारी टीम पुढे हातावर हात ठेवून उभी राहते, कारण वेळ आहे पण मारायला काही नाही. तिथे ज्याच्याकडे स्नायपरसारखं दमदार स्पेशल शस्त्र आहे तो शेवटी पुढे निघतो. त्याच रेडमधल्या गोल्गोरॉथला सगळे एका तेजाळ डबक्यात उभे राहून पोटावर मारतात, कारण डबक्यातच डॅमेज वाढतं. बाहेर पडलात की वाढ गेली. तिथे हलायला लावणारं कोणतंही शस्त्र वाया. तिकडे व्हाउ ऑफ द डिसायपलमधला ऱ्हल्क एका जागी थांबतच नाही, उडी मारून अंगावर येतो आणि लाथ घालतो. कागदावर जगातलं सगळ्यात भारी स्नायपर घेऊन जा, स्कोपमध्ये त्याचा पायसुद्धा दिसणार नाही.

जुन्या खेळातला क्रोटा तर याचं टोकाचं उदाहरण. डिसेंबर 2014 मध्ये क्रोटाज एंड ही रेड आली. तिथे बंदुकांनी क्रोटा मरायचाच नाही. सगळ्यांनी मिळून गोळ्या-रॉकेटांनी त्याची ढाल पाडायची, तो गुडघ्यावर आला की तलवारवाला आत शिरून वार करणार. म्हणजे पाच जणांच्या शस्त्रांचं काम होतं सहाव्यासाठी काही सेकंदांची फट उघडणं. सगळ्यांचे दणके एकाच क्षणी पडले तर फट उघडायची. प्रत्येकाने आपापल्या सोयीने मारलं तर तलवारवाला उगीच धावत जाऊन परत यायचा, किंवा यायचाच नाही.

आता तुमच्या टीममधल्या डिव्हिनिटीबद्दल, कारण माझ्या मते तुमचा खरा तोटा तिथे आहे. डिव्हिनिटी ही ट्रेस रायफल 2019 मध्ये गार्डन ऑफ सॅल्व्हेशन रेडबरोबर आली. किरण काही वेळ बॉसवर धरून ठेवला की त्याच्याभोवती एक मोठा पिंजरा तयार होतो. त्या पिंजऱ्यात कुठेही मारलं तरी ते कमकुवत जागी लागल्यासारखं मोजतात, आणि बॉसला बसणारं डॅमेजही वाढतं. सुरुवातीला ही वाढ तीस टक्के होती, नंतर ती पंधरावर आणली.

आता एकेका माणसाचं डॅमेज 100 धरा. सहा जण मारतायत, म्हणजे 600. एकाला डिव्हिनिटी दिली. त्याचं स्वतःचं डॅमेज जवळजवळ नगण्य, ते सोडून देऊ. उरलेले पाच, पंधरा टक्के वाढीसह: 575. म्हणजे डिव्हिनिटी आणून तुम्ही तोट्यात गेलात. तीस टक्के असताना हाच आकडा 650 यायचा, म्हणून तेव्हा प्रत्येक टीमला ती हवी असायची आणि आजही लोक त्या सवयीने आणतात. टेम्प्लरला तर आणखी गंमत. तिथे एकाच्या हातात एजिस ढाल असते, म्हणजे तो बंदूक चालवत नाही. मारणारे मुळात पाच. त्यातला एक डिव्हिनिटीवर गेला की चार गुणिले 115, म्हणजे 460, विरुद्ध 500.

मग डिव्हिनिटी कधीच नको का? हवी, पण पिंजऱ्यासाठी. बॉसची कमकुवत जागा लहान असेल, तो हलत असेल, टीममधल्या तिघांचा नेम डळमळीत असेल आणि सगळे स्नायपर किंवा लीनिअर फ्यूजन वापरत असतील, तर तो मोठा पिंजरा सोनं आहे. चुकणारी प्रत्येक गोळी तिथे क्रिट होते, म्हणजे कमकुवत जागी लागल्याचं जास्त डॅमेज देते. पण तुमच्याकडे तिघे रॉकेटवाले आहेत आणि रॉकेट क्रिट होतच नाही! ते डोक्यावर मारा नाहीतर पायावर, डॅमेज तेवढंच. म्हणजे तुमच्या अर्ध्या टीमला पिंजऱ्याचा शून्य उपयोग, आणि त्या पिंजऱ्यासाठी एक पूर्ण माणूस खर्ची. रॉकेट आणि डिव्हिनिटी ही जोडी म्हणजे आमटीत साखर आणि मीठ दोन्ही जास्त घालून चव बरोबर होईल अशी आशा करणं.

पंधरा टक्के वाढ हवीच असेल तर ती स्वस्तात मिळते. व्हॉइड ही शक्ती वापरणाऱ्या कुणाकडेही इको ऑफ अंडरमायनिंग हा फ्रॅगमेंट, म्हणजे त्या शक्तीला जोडायचा छोटा गुण, असेल तर त्याचा व्हॉइड ग्रेनेड बॉसला कमजोर करतो. हंटर या क्लासच्या खेळाडूचा स्नेअर बॉम्बही तेच करतो. एका हाताची हालचाल, माणूस मारायला मोकळा. तीस टक्के हवी असेल तर हंटरचा शॅडोशॉट, ज्याला सगळे टेदर म्हणतात, किंवा ट्रॅक्टर कॅनन ही शॉटगन. ट्रॅक्टर कॅननला जवळ जावं लागतं, शिवाय ती हेवीची, म्हणजे रॉकेटसारख्या जड शस्त्राची, जागा अडवते आणि एक्झॉटिकही आहे, म्हणजे तो माणूस दुसरं एक्झॉटिक शस्त्र घेऊ शकत नाही. एथिऑनला टेदर बरं.

इथे एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. बॉसवरचे डीबफ, म्हणजे त्याला कमजोर करणारे परिणाम, एकमेकांत मिळवले जात नाहीत. त्यातला सगळ्यात मोठा तेवढा लागू होतो. टेदर लागलेलं असताना वर ग्रेनेड आणि डिव्हिनिटी टाकून काही होत नाही. म्हणून दोघा हंटरांनी एकदम टेदर सोडणं हा दोन सुपरांचा, म्हणजे हळूहळू भरणाऱ्या मोठ्या क्षमतांचा, नास आहे. एकाने पहिल्या फेजला सोडायचं, दुसऱ्याने पुढच्या. आमच्या टीममध्ये दोन हंटर होते आणि दोघंही 'मी लावतो, मी लावतो' म्हणत एकाच सेकंदाला लावायचे. शेवटी मी एकाला दुसऱ्या क्लासवर जायला लावलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

क्रमही महत्त्वाचा. डीबफ आधी, मोठा दणका नंतर. बोलायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात ज्याच्या हातात भरलेलं रॉकेट असतं त्याला दम धरवत नाही. आम्ही टेदरवाल्यालाच मोजायला लावतो. तो 'तीन, दोन, एक' म्हणतो, 'एक'ला बाण सोडतो, आणि मगच बाकीच्यांनी पहिलं रॉकेट सोडायचं. टीममध्ये एक चेन्नईचा आहे, त्यालाही आता मराठी तीन-दोन-एक पाठ झालंय.

आता ग्यालारहॉर्न. हे रॉकेट फुटलं की त्यातून माग काढणारी छोटी रॉकेटं सुटतात, त्यांना वुल्फपॅक म्हणतात. 'डेस्टिनी 2'मध्ये डिसेंबर 2021 ला परत आलेल्या आवृत्तीत एक चांगला बदल आहे: ग्यालारहॉर्नवाल्याने रॉकेट सोडलं की जवळ उभ्या असलेल्या साथीदारांच्या साध्या लेजंडरी रॉकेट लाँचरलाही वुल्फपॅक मिळतात. म्हणजे सहा जणांत एकाकडे असलं की पुरे. दुसऱ्याने घेतलं तर उलट तोटाच, कारण त्याची एक्झॉटिकची जागा गेली, जिथे इझानागीज बर्डन बसू शकलं असतं. म्हणून वर म्हटलं, एकाने घ्या. पैसे सहा जणांत वाटून घेता येत नाहीत हा भाग वेगळा.

जुन्या खेळाची एक आठवण सांगतो, कारण आजच्या पोरांना ती खोटी वाटते. सप्टेंबर 2014 मध्ये, खेळ सुरू होऊन दुसऱ्याच आठवड्यात, झूर नावाच्या फिरत्या व्यापाऱ्याने ग्यालारहॉर्न विकायला ठेवलं होतं. किंमत 17 स्ट्रेंज कॉइन. बहुतेकांनी घेतलं नाही. हेवी ॲमो क्वचित मिळतो, त्यावर एवढे कॉइन कोण घालवणार? मीही नाही घेतलं. पुढचे दहा-अकरा महिने टीम शोधायला गेलं की 'ग्याली असेल तरच या' अशी पाटी. झूरने ते परत विकायला आणलं ऑगस्ट 2015 मध्ये, आणि लगेच सप्टेंबरात नव्या वर्षाचा विस्तार आला तेव्हा ते मागेच राहिलं. ग्याली नसलेल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंना त्या काळात टीमबाहेर काढलं गेलं, आणि ग्याली असलेले कितीतरी जण स्वतःच्याच रॉकेटने मेले. कोणत्याही टीमला 'अमुक शस्त्र हवंच' असं म्हणताना मला ती पाटी आठवते.

स्वतःच्या रॉकेटने मरणं ही एथिऑनची खासियत आहे. डॅमेज फेजमध्ये सप्लिकंट नावाच्या स्फोट होणाऱ्या हार्पी तुमच्याकडे झेपावतात. तुम्ही स्कोपमधून बॉस बघताय, ट्रिगर दाबला, त्याच क्षणी एक हार्पी तोंडासमोर आली. रॉकेट तिच्यावर फुटलं, ती फुटली, तुम्ही गेलात, शेजारचे दोघेही गेले. ग्यालारहॉर्नसाठी जवळ-जवळ उभं राहायचं असतं, त्यामुळे एका चुकीत अर्धी टीम साफ. तुमच्या टीममधले डॅमेज फेजमध्ये मरणारे बहुधा असेच मरत असणार. रेकॉर्डिंग बघा, मी पैज लावतो.

यावर उपाय: एकाने बॉस विसरायचा. पूर्ण नाही, पण त्याचं पहिलं काम सप्लिकंट. त्याच्या हातात मशीनगन द्या. थंडरलॉर्ड असेल तर उत्तम, नसेल तर याच रेडमधून मिळणारी करेक्टिव्ह मेजर चालेल. सप्लिकंट नसतील तेव्हा तो बॉसवर चालवेल, साठा लांब पुरतो. लोकांना वाटतं हा माणूस वाया गेला. डिव्हिनिटीवाल्यासारखाच हिशोब करा: याचं डॅमेज निम्मं धरलं तरी 50 गेले. पण बाकीच्या पाच जणांना मागे वळून बघावं लागलं नाही आणि कुणी मेलं नाही. प्रत्येकाचे चार-पाच सेकंद वाचले तर ते 50 पुरून वर उरतं. डिव्हिनिटीवाल्या माणसाला हे काम द्या, त्याच्यावर अन्याय नाही होणार.

रॉकेटवाल्यांचा दुसरा शत्रू रीलोड. रॉकेट लाँचरच्या मॅगझीनमध्ये एकच रॉकेट, प्रत्येक दणक्यानंतर भरण्यात वेळ जातो. यातून सुटायचे दोन मार्ग. एक, ऑटो-लोडिंग होल्स्टर पर्क: शस्त्र पाठीवर टाकलं की दोन-अडीच सेकंदांत आपोआप भरतं. तेवढ्यात दुसरं शस्त्र मारायचं. रॉकेट सोडा, इझानागीवर जा, तिच्या चारही गोळ्या एकत्र करून केलेला एक मोठा शॉट मारा, परत रॉकेट, ते भरलेलं. दोन, रिकन्स्ट्रक्शनसारखा पर्क, जो वेळेनुसार शस्त्र आपोआप भरत राहतो आणि मॅगझीनमध्ये एकाहून जास्त रॉकेटं साठवतो. लास्ट विश रेडमधला एपेक्स प्रेडेटर हा रॉकेट लाँचर रिकन्स्ट्रक्शन आणि बेट अँड स्विच या जोडीने बनवता येतो. बेट अँड स्विचचं काम असं: तिन्ही शस्त्रांनी थोड्या वेळात बॉसला एकेकदा मारलं की त्या शस्त्राचं डॅमेज काही सेकंद वाढतं. म्हणजे आधी प्रायमरीची एक गोळी, मग स्पेशलची एक, मग रॉकेट. घाईत प्रायमरीची गोळी विसरते आणि मग पर्कचा काही उपयोग नाही. आम्ही हा क्रम टेम्प्लरपूर्वीच्या रिकाम्या वेळात भिंतीवर घोटून घेतो, तबल्याच्या बोलांसारखा.

एथिऑनला आणखी एक गळती आहे. फेज सुरू व्हायच्या आधी तिघं जण मंगळ किंवा शुक्रावर फेकले जातात, तिथून ओरॅकल नावाच्या चमकणाऱ्या लक्ष्यांचा क्रम सांगतात, आणि बाहेरचे त्या क्रमाने ते फोडतात. आतले परत येतात तेव्हा बाहेरच्यांचा गोळीबार सुरू झालेला असतो. आतल्यांना आधी दिशा कळत नाही, मग जागा शोधायची, मग रीलोड. माझे ते सुरुवातीचे चार सेकंद इथेच गेले होते. बाहेर यायच्या आधीच शस्त्रं भरून घ्या, हातात पहिलं मारायचं शस्त्र धरून बाहेर पडा, आणि उभं राहायची जागा आधी ठरवून ठेवा. 'मधल्या उंचवट्यावर' एवढं पुरत नाही, कुठे ते दाखवा. टाइम्स व्हेंजन्स हा टीमला बळ देणारा परिणाम लागला की ग्रेनेड वगैरे क्षमता भराभर भरतात, त्या टाकायला विसरू नका. रॉकेटच्या नादात ग्रेनेड हातातच राहतो.

वॉरलॉक या क्लासच्या वेल ऑफ रेडियन्सबद्दल, म्हणजे आत उभ्या असलेल्यांना सांभाळणाऱ्या त्याच्या सुपरबद्दल, एक ओळ: जून 2024 च्या द फायनल शेपपासून तिची ताकद कमी झाली, पण उभं राहून मार खायला ती अजून लागते. एक पुरे.

शेवटी, युक्त्यांबद्दल. सप्टेंबर 2018 मध्ये लास्ट विश रेड आली तेव्हा रिव्हन या बॉसची लढत खेळातल्या सगळ्यात अवघड लढतींत गणली गेली. मग लोकांना कळलं की क्लस्टर बॉम्ब पर्क असलेलं रॉकेट तिच्या तोंडावर मारलं की फुटलेले छोटे बॉम्ब तिच्या अंगावरच्या अनेक भागांवर वेगवेगळे मोजले जातात. सहा जणांनी एकाच खोलीत उभं राहून तेवढंच करायचं, बॉस एका फेजमध्ये संपतो. पुढे बहुतेक टीमनी तिला खऱ्या पद्धतीने कधी मारलंच नाही. मी मारलंय, एकदा, आणि परत मारायची इच्छा नाही. यातून घ्यायचं एवढंच की बॉसचं अंग कसं मोजलं जातं हे बघायला वेळ द्या. कुठे क्रिट आहे, कुठे पिवळे आकडे येतात, कुठे पांढरे, कुठे 'इम्यून' येतं. कधीकधी एखादं सामान्य शस्त्र एखाद्या बॉसवर विलक्षण चालतं, आणि पुढच्या पॅचला ते बंदही होतं.

काही बॉसना फायनल स्टँड असतो, म्हणजे आरोग्य संपल्यावरही थोडं उरतं आणि ते घाईने संपवावं लागतं. डीप स्टोन क्रिप्ट रेडमधला टॅनिक्स आणि ऱ्हल्क यांना तो आहे. तिथे एका माणसाने सुपर आणि दोन रॉकेटं राखून ठेवायची. आम्ही या माणसाला खजिनदार म्हणतो. खजिनदार नेहमी कंजूष माणसाला करावं.

तर पुढच्या मंगळवारी रात्री साडेदहाला आठवडा बदलला की हे करा. डिव्हिनिटीवाला मशीनगनवर. दोघे स्नायपरवाले रॉकेटवर, पण खांद्यावर इझानागी ठेवूनच, नसेल तर कोणतंही दुसरं स्नायपर. हंटर असेल तर पहिल्या फेजला त्याचा टेदर आणि त्याचंच तीन-दोन-एक. ग्यालारहॉर्न मिळालं तर टीममधल्या सगळ्यात कमी मरणाऱ्याला द्या, कारण तो मेला की बाकीच्यांचे वुल्फपॅकही गेले. आणि दोन जणांनी रेकॉर्डिंग सुरू ठेवा, त्यातला एक आतून येणारा असू दे. पहिल्या वाइपनंतर दुसरा प्रयत्न लगेच सुरू करू नका, पाच मिनिटं थांबून ते बघा आणि कामाचे सेकंद मोजा. वीसच्या खाली असतील तर शस्त्रं बदलायची बोलणी त्या रात्री काढूच नका.